विषय: अडवून ठेवलेले बिटकॉइन आणि ट्रॅव्हल रूलसाठी निवडलेले बंदिस्त नेटवर्क यांबाबत तक्रार

दि. 4 जुलै 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

महोदय,

मी औसा तालुक्यातला शेतकरी. लातूरला एका आडतीवर हिशेब लिहिण्याचे कामही करतो. मिरग निघायच्या तोंडावर मी दुसऱ्या एका भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजवरच्या (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीतल्या) माझ्या खात्यातले बिटकॉइन आपल्या एक्स्चेंजवरच्या माझ्याच खात्यात पाठवले. सोयाबीनचे बियाणे आणि डीएपी खत घ्यायचे होते, आणि आपल्याकडून रुपये बँकेत लवकर येतात असा माझा अनुभव होता. बिटकॉइन ब्लॉकचेनवर, म्हणजे त्याच्या व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीत, त्याच दिवशी पोचले. आपल्या ॲपवर ते दिसतात, पण समोर ‘पाठवणाऱ्याची माहिती मिळालेली नाही’ अशी ओळ आहे. विकता येत नाहीत, परत पाठवता येत नाहीत. मधल्या काळात पाऊस झाला, वाफसा आला, शिवारातल्या पेरण्या उरकल्या. मला बियाणे उधारीवर उचलावे लागले. उधारीचा भाव काय असतो ते लातूर भागातल्या कुणालाही विचारा.

माझी तक्रार नियमाबद्दल नाही, हे आधीच स्पष्ट करतो, कारण आपला प्रतिनिधी दर फोनला ‘सरकारचा नियम आहे’ एवढेच म्हणतो. नियम मला माहीत आहे. एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2019 साली बँकांचा ट्रॅव्हल रूल, म्हणजे रकमेसोबत पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची माहितीही गेली पाहिजे हा नियम, क्रिप्टोला लावला. भारतात मार्च 2023 मध्ये क्रिप्टो कंपन्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या आणि एफआययूकडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे) नोंदणी करणे त्यांना बंधनकारक झाले. पैसे कोण पाठवतो आणि कुणाला पाठवतो ही माहिती दोन्ही कंपन्यांकडे असलीच पाहिजे. एफएटीएफने 1000 डॉलरपर्यंत सवलत ठेवायची मुभा दिली आहे, भारताने ती ठेवलेली नाही, म्हणजे माझ्यासारख्या छोट्या रकमेलाही नियम लागतो. माझे त्याबद्दल काही म्हणणे नाही. मी पॅन दिले, आधार दिले, विक्रीवर 1 टक्का टीडीएस कापून घेतला, नफ्यावर 30 टक्के कर भरतो.

पण ही माहिती कोणत्या वाटेने पाठवायची, कोणता प्रोटोकॉल (माहिती पाठवण्याची ठरलेली पद्धत) वापरायचा, हे सरकारने ठरवलेले नाही. ते आपल्या कंपनीने ठरवले आहे, आणि माझी तक्रार नेमकी त्या निवडीबद्दल आहे.

बिटकॉइन ब्लॉकचेनवरून जाते, नाव-पत्ता ब्लॉकचेनवरून जात नाही. तो वेगळ्या संदेशातून, कंपनीकडून कंपनीकडे जातो. आमच्या आडतीवर मालाची गाडी येते आणि सोबत बिल्टी, म्हणजे मालाचा कागद, येते. गाडी यार्डात आणि बिल्टी भलत्याच दफ्तरात, असे झाले तर पोत्याला कुणी हात लावत नाही. माझ्या बिटकॉइनचे तेच झाले आहे. समोरची कंपनी म्हणते, आम्ही माहिती आमच्या नेटवर्कवरून पाठवली. आपण म्हणता, आमच्या नेटवर्कवर काही आलेले नाही. दोघेही खरे बोलत आहात, कारण दोघांची नेटवर्क एकमेकांशी बोलत नाहीत. आपले नेटवर्क फक्त त्याच्या सभासदांपुरते आहे आणि समोरची कंपनी त्यात नाही, हे आपल्याच प्रतिनिधीने शेवटी कबूल केले.

हे होणार हे आपल्याला आधी कळायला हवे होते. दक्षिण कोरियात 25 मार्च 2022 ला नियम लागू झाला तेव्हा तिथल्या मोठ्या एक्स्चेंजमध्ये ही माहिती पाठवण्याच्या व्हेरिफायव्हास्प आणि कोड अशा दोन वेगळ्या व्यवस्था होत्या, आणि त्या जोडल्या जाईपर्यंत, म्हणजे जवळपास महिनाभर, एकीकडच्या ग्राहकाला दुसरीकडे क्रिप्टो पाठवताना अडचण आली. आपण व्यवस्था निवडली त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. ट्रिसा आणि टीआरपी असे खुले प्रोटोकॉल उपलब्ध आहेत, ते कुणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. ट्रिसामध्ये समोरची कंपनी खरी कोण हे प्रमाणपत्रावरून तपासता येते आणि माहिती कुलूपबंद होऊनच जाते. एकापेक्षा जास्त नेटवर्कशी जोडून देणाऱ्या सेवाही आहेत. एकच बंद दार ठेवण्याचे कारण काय, हे मला लेखी हवे आहे. स्वस्त पडले म्हणून असेल तर तसे लिहा. पण त्या बचतीची किंमत ग्राहकाने मोजली आहे.

दुसरी गोष्ट क्रमाची. माहिती रकमेच्या आधी किंवा निदान सोबत पोचावी, असे एफएटीएफच्या मार्गदर्शनातच आहे. आपण मला जमा करण्याचा ॲड्रेस देताना ‘कोणत्या एक्स्चेंजवरून पाठवणार?’ एवढे विचारले असते आणि ते आपल्या नेटवर्कवर नसेल तर तिथेच थांबवले असते, तर मी पाठवलेच नसते. ब्लॉकचेनवर गेलेले मागे घेता येत नाही, म्हणून तपासणी आधीच व्हायला हवी.

आता नावाचे. माहिती नेटवर्कवरून येत नाही म्हटल्यावर आपण ती माझ्याकडून मागितली, आणि मग नाव जुळत नाही म्हणून फाइल परत पाठवली. तिकडच्या खात्यात माझे, वडिलांचे आणि आडनाव असे पूर्ण नाव आहे. आपल्याकडे वडिलांचे नाव गळले आहे, कारण आपल्या अर्जात त्याला रकानाच नव्हता. माहितीची मांडणी कशी असावी याचे आयव्हीएमएस 101 नावाचे मानक मे 2020 पासून आहे. त्यात आडनाव आणि बाकीचे नाव यांची वेगळी जागा आहे, स्थानिक लिपीतल्या नावाचीही सोय आहे. मराठवाड्यातला जवळजवळ प्रत्येक माणूस कागदोपत्री वडिलांचे नाव लावतो. तुमची यंत्रणा त्याला संशयित ठरवत असेल तर बदल यंत्रणेत करायला हवा.

सगळ्यात जास्त राग मला ईमेलचा आला. आधार, पॅन, दुसऱ्या खात्याचे स्क्रीनशॉट, हातात कागद धरलेला फोटो, हे सगळे साध्या ईमेलवर पाठवा असे सांगितले गेले. सुरक्षित संदेशासाठी प्रोटोकॉल घ्यायचा आणि तो चालला नाही की ग्राहकाचे आधार उघड्या ईमेलवर मागायचे, हे मला मान्य नाही. ते कागद आता कुणाकुणाच्या इनबॉक्समध्ये आहेत, ते सांगा आणि काढून टाका.

माझे बिटकॉइन तत्काळ मोकळे करावेत. दोन्ही खाती माझीच आहेत, दोन्हीकडे तोच पॅन आहे, समोरच्या कंपनीच्या अनुपालन अधिकाऱ्याला एक पत्र लिहिले तरी खात्री होईल. आपण कोणकोणत्या एक्स्चेंजशी माहितीची देवाणघेवाण करू शकता, ती यादी जमा करण्याच्या पानावर, मराठीतही, लावावी. अर्जात वडिलांच्या नावाचा रकाना द्यावा. आणि खुल्या प्रोटोकॉलशी कधी जोडणार याची तारीख कळवावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करणार आहे आणि या पत्राची प्रत एफआययूला पाठवणार आहे. उधारीवरचे व्याज नुकसानभरपाईत मागेन, कृषी केंद्राच्या पावत्या जपून ठेवल्या आहेत.

आपला,
एक ग्राहक
ता. औसा, जि. लातूर

सोबत: व्यवहाराचा ब्लॉकचेनवरील पुरावा, दोन्ही खात्यांचे उतारे, आपल्या प्रतिनिधींशी झालेला पत्रव्यवहार. आधारची प्रत जोडलेली नाही.