फोटोतली वाकडी मान ही पोझ नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत रंगीबेरंगी गेकोंवर जो पानभर लेख आला तो मी दोनदा वाचला, पहिल्यांदा आनंदाने आणि दुसऱ्यांदा त्यातला फोटो बघून पोटात गोळा आला म्हणून. आनंद यासाठी की लेपर्ड गेको, म्हणजे पालीच्याच जातकुळीतला प्राणी, पाळणाऱ्या माणसाला "पाल पाळतेस?" याच्यापुढे सहसा कुणी काही विचारत नाही, आणि इथे चक्क पानभर, तेही इतक्या मायेने लिहिलेलं. पण त्या पानावर उजवीकडे जो पांढरट, बारीक काळ्या ठिपक्यांचा गेको आहे, मान एका बाजूला कलंडलेली, आणि खाली ओळ "लाडात येऊन पोझ देणारा एनिग्मा", त्याच्याबद्दल मला लिहायलाच पाहिजे. पुढे त्याच्याबद्दलच असंही आहे की किडा समोर धरला की तो "खुशीत गोल गोल नाचतो". तो नाचत नाहीये हो. एका फोटोवरून निदान करू नये हे मला कळतं, नुसत्या कुतूहलानेही गेको मान तिरकी करतात, पण मॉर्फ, म्हणजे निवडून जोपासलेला रंग-नक्षीचा प्रकार, एनिग्मा, मान कलंडलेली आणि वर गोल गोल फिरणं, हे तिन्ही एकत्र आलं की पाळणारे त्याला एनिग्मा सिंड्रोम म्हणतात आणि मी ते चार वर्षं रोज बघितलंय.

माझी तिळी एनिग्मा होती. अंगभर तिळासारखे ठिपके म्हणून तिळी. आणली तेव्हा पाचेक महिन्यांची असेल, आणि ज्यांच्याकडून घेतली त्यांनी एवढंच सांगितलं की ही जरा चंचल आहे. आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की ती किड्यावर झडप घालते पण तोंड भलतीकडेच जातं, परत घालते, परत चुकतं, आणि मग डावीकडे गोल फिरत राहते, कधी कधी दहा-बारा फेऱ्या. मी म्हटलं प्रवासाचा ताण असेल, नवी जागा आहे, बसेल घडी. मग एका रात्री लाईट लावला तर ती डोकं सरळ वर करून थिजल्यासारखी उभी, याला स्टारगेझिंग म्हणतात, नाव किती सुंदर आणि बघवत नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कॅल्शियम ठीक आहे, जंतुसंसर्ग दिसत नाही, जे आहे ते मेंदूत आणि तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत आहे आणि त्यावर औषध नाही.

आता जे सांगते ते सांगायला मला जड जातंय, पण ते लपवून हे पत्र लिहिण्यात अर्थ नाही. हे सगळं पूर्ण समजायच्या आधी मी तिची जोडी लावली होती. त्या सीझनला ती बरी वाटत होती, ठिपके इतके सुरेख होते, आणि मला वाटलं नर अगदी निरोगी, साध्या रंगाचा घेतला की झालं. लेपर्ड गेकोची मादी एका वेळी साधारण दोन अंडी घालते, मऊ, चामड्यासारख्या कवचाची, आणि एका सीझनला असे बरेच वेळा. तिळीने तीनदा घातली, सहापैकी पाच पिल्लं निघाली, त्यातली तीन ठिपक्यांची. दोन बऱ्यापैकी जगली. तिसरं अंड्यातून बाहेर आलं तेच पाठीवर, सरळ करून ठेवलं की परत उलटायचं, आणि नवव्या दिवशी गेलं. आणि अंडी घालायच्या ताणाने तिळी स्वतः इतकी बिघडली की त्यानंतर जरा दचकली तरी आडवी पडून स्वतःभोवती लोळायची, मी हातात घेऊन अंधार करून धरेपर्यंत थांबायची नाही. शेवटची दोन वर्षं एकेक किडा चिमट्याने तोंडाशी धरून भरवला.

हे असं का होतं ते तुमच्या लेखात यायला हवं होतं. एनिग्माचा जीन डॉमिनंट आहे, म्हणजे आई किंवा बाप एकाकडून जरी आला तरी ठिपके येतात, सरासरी निम्म्या पिल्लांना, आणि ठिपक्यांबरोबर हा मेंदूचा त्रासही येतो. काहींना इतका कमी की मालकाला वर्षानुवर्षं कळत नाही, काहींना जन्मतः भयंकर, आणि आईबापाला कमी आहे म्हणून पिल्लांनाही कमीच असेल असं अजिबात नाही. जगभरच्या अनुभवी ब्रीडरांनी एनिग्माला पिढ्यानपिढ्या निरोगी, नात्याबाहेरच्या गेकोंशी क्रॉस करून बघितलं की ठिपके राहतील आणि त्रास सुटेल, पण तो सुटला नाही. म्हणून "आमची लाईन क्लीन आहे" असं कुणी म्हटलं की मला आता धडकी भरते. बॉल पायथन या अजगरातल्या स्पायडर मॉर्फचंही हेच आहे, नक्षी सुंदर आणि डोकं थरथरतं.

लेखातला लेमन फ्रॉस्ट या लेपर्ड गेकोच्या मॉर्फचा परिच्छेद वाचून तर मी पेपर खाली ठेवला. "बर्फात बुडवलेल्या लिंबासारखा" हे वर्णन खरंच छान आहे, तो गेको तसाच दिसतो. पण २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी प्लॉस जेनेटिक्स या जर्नलमध्ये त्याच्यावर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लेमन फ्रॉस्टपैकी ८० टक्क्यांहून जास्त गेकोंना त्वचेच्या गाठी झालेल्या आढळल्या. गाठी कुठल्या पेशींच्या, तर ज्या पेशींमुळे तो पांढरा फ्रॉस्ट दिसतो त्याच, इरिडोफोर म्हणतात त्यांना, त्यांच्यात ग्वानीनचे स्फटिक असतात आणि त्यावरून प्रकाश परतून तो रंग दिसतो. त्या पेशी जास्त झाल्या म्हणून रंग आणि जास्त होतच राहिल्या म्हणून ट्युमर. संशोधकांना हे स्पिंट-१ नावाच्या जीनपाशी सापडलं, आणि माणसाच्या मेलानोमाशी, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरशीही त्या जीनचा संबंध लागतो. म्हणजे इथे रंग ठेवून आजार काढू असं म्हणायची सोयच नाही, रंग आणि आजार एकाच मुळाचे आहेत. बऱ्याच ब्रीडरांनी हा मॉर्फ बंद केला, काहींनी स्वतःचे ठरलेले व्यवहार मोडून. अशा माणसांबद्दल कुठे कुणी लिहीत नाही याचं वाईट वाटतं.

कुणी म्हणेल हिचा मॉर्फलाच विरोध आहे, तर तसं मुळीच नाही. माझ्याकडे आज एक सुपर स्नो आहे, मॅक स्नो या मॉर्फच्या जीनच्या दोन प्रती आल्या की तसं होतं, डोळे पूर्ण काळेभोर, आणि ती ठणठणीत आहे. एक मर्फी पॅटर्नलेस मॉर्फचा आहे, तोही ठणठणीत. टँजरीनसारखे रंग तर एका जीनचे नसतातच, पिढ्यानपिढ्या जास्त नारंगी नर-मादी निवडत न्यावं लागतं, त्यात जो संयम लागतो त्याचं मला फार कौतुक आहे. एवढंच नाही तर अंडी किती तापमानाला ठेवली यावरही रंग ठरतो, जास्त उबेत वाढलेली पिल्लं उजळ आणि गार ठेवलेली गडद. त्याच तापमानावर नर की मादी हेही ठरतं, २६ अंशाला बहुतेक माद्या, साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर, आणि ३४ च्या पुढे गेलं की परत माद्याच जास्त. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा रात्रभर झोपले नव्हते, इनक्युबेटरच्या काट्यावर एवढं सगळं अवलंबून असतं या विचाराने! असं काही असलं की या छंदात माणूस हरवून जातो, आणि जायलाच पाहिजे.

एक छोटी दुरुस्ती पण करा, लेखात "दोन अल्बिनो एकत्र आणले की सगळी पिल्लं अल्बिनो" असं छापलंय. लेपर्ड गेकोत अल्बिनोचे, म्हणजे अंगात काळा रंग नसलेल्यांचे, तीन वेगळे प्रकार आहेत, ट्रेम्पर, बेल आणि रेनवॉटर, आणि तिन्हींचे जीन वेगवेगळे. ट्रेम्परला बेल लावला तर पिल्लं दिसायला साधी निघतात आणि दोन्ही जीन आत लपवून फिरतात, मग पुढे कुणाला काय कळणार कुठला अल्बिनो कुठला, दिसण्यावरून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून तर आईबापांची लेखी नोंद मागायची असते. क्रेस्टेड गेको या दुसऱ्या जातीत तर नोंदीवर जीव अवलंबून असतो, त्यांच्यातल्या लिली व्हाइट मॉर्फला लिली व्हाइटच लावला तर ज्या पिल्लांना दोन्हीकडून तो जीन येतो, सरासरी चारात एक, ती अंड्यातच किंवा बाहेर आल्या आल्या मरतात. एक लिली व्हाइट आणि एक साधा अशी जोडी लावली की हा प्रश्नच येत नाही, रंग तोच मिळतो. इतकं सोपं आहे, फक्त आधी माहीत पाहिजे.

आता पत्र लिहायचं खरं कारण. लेखाच्या शेवटी त्या फोटोतल्या गेकोचे मालक म्हणतात की या सीझनला त्याची पहिली जोडी लावणार, "असाच नाचरा वंश वाढवायचाय". वाक्यावरूनच कळतं की त्यांचा जीव आहे त्याच्यावर आणि त्यांना कुणी सांगितलेलं नाही, जसं मलाही नव्हतं सांगितलं. माझी तुम्हाला विनंती आहे की हे पत्र छापा किंवा नका छापू, पण ते त्यांच्यापर्यंत पोचवा, लवकर, जोडी लावायच्या आत. त्यांना सांगा की त्याला नीट ठेवलं तर तो छान जगू शकतो. चढायच्या उंच गोष्टी काढून टाका, पाण्याची वाटी अगदी उथळ ठेवा, टाकीतलं सामान सारखं हलवू नका, किडे मोकळे सोडण्याऐवजी चिमट्याने एकेक द्या आणि त्याने नेम चुकवला तर हात न हलवता तिथेच धरून ठेवा, दोन-तीनदा चुकून मग बरोबर पकडतो. तिळी तसंच पकडायची.

आपली,
गेली ९ वर्षं गेको पाळणारी एक वाचक