‘काम काय करता?’ हे केस पेपरवर छापा

संपादक महोदय,

वायुगळतीच्या बातमीत ‘रुग्णांची प्रकृती स्थिर असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं’ ही ओळ ठरलेली असते. वायू कोणता होता हे त्या डॉक्टरला केव्हा कळलं आणि कुणी सांगितलं, ते मात्र कधी छापून येत नाही. चौतीस वर्षं जनरल प्रॅक्टिस केल्यावर मला त्या न छापलेल्या ओळीचीच जास्त धास्ती वाटते. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीनंतर भोपाळमध्ये हजारो माणसं डोळे चोळत, धापा टाकत दवाखान्यांकडे धावली, तेव्हा मिथाइल आयसोसायनेटवर नेमका इलाज काय, हे तिथल्या डॉक्टरांपुढे कोडंच होतं.

पण हे पत्र गळतीबद्दल नाही. गळतीचा निदान गाजावाजा तरी होतो. रोज चिमूटभर घरात येणाऱ्या विषाचा होत नाही, आणि ते आधी आमच्यासारख्यांच्या टेबलासमोर येऊन बसतं. माझ्यासमोर पाच महिने बसलं होतं.

चार वर्षांचा मुलगा. पोट दुखतं, जेवत नाही, शौचाला साफ होत नाही, सारखा किरकिरतो. हिमोग्लोबिन कमी. मी जंताचं औषध दिलं, मग लोहाचं सिरप दिलं, मग तेच पुन्हा दिलं. दर वेळी आई घेऊन यायची. एकदा वडील आले, कामावरून थेट. पोरगं त्यांच्या शर्टावर गाल टेकून झोपलेलं. त्याला तपासायच्या टेबलावर ठेवायला ते वाकले आणि पँटच्या दुमडलेल्या पायातून करडी भुकटी माझ्या फरशीवर सांडली. तेव्हा कुठे मी विचारलं, काम काय करता?

‘‘जुन्या बॅटऱ्या फोडतो, डॉक्टर. शिसं काढतो.’’

मुलाच्या रक्तात डेसीलिटरमागे ५२ मायक्रोग्रॅम शिसं निघालं. अमेरिकेची सीडीसी ही संस्था २०२१ पासून मुलांच्या बाबतीत ३.५ लाच सावध व्हायला सांगते. लोहाचं सिरप अगदीच वाया गेलं असं नाही, कारण शरीरात लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. पण ही माझी मी शोधलेली पळवाट.

शिसं बाहेर काढायचं औषध असतं आणि ते मोठ्या रुग्णालयात सुरूही झालं. मात्र तेच कपडे रोज घरात येणार असतील तर एकीकडून उपसायचं आणि दुसरीकडून भरायचं. म्हणून कामावरच अंघोळ, तिथेच कपडे बदलणं, ते घरच्या कपड्यांत न धुणं, घरात कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसणं, हे सगळं मी त्या माणसाला कागदावर लिहून दिलं. त्याचंही रक्त तपासलं. आकडा मुलापेक्षा मोठा. पोटात कळा येतात म्हणून तो कित्येक दिवस ॲसिडिटीच्या गोळ्या खात होता.

मग खरी वरात निघाली. त्याच्यासोबत काम करणाऱ्यांच्या घरीही मुलं असणार, म्हणून मी एका कार्यालयात फोन केला. ‘कामगारांचा विषय दुसऱ्या खात्याकडे.’ दुसऱ्या खात्यात केला. ‘मूल कामगार नाही ना!’ तिसरीकडे कळलं की ती जागा कारखाना म्हणून नोंदलेलीच नाही, त्यामुळे तपासणी कशाची करणार? शेवटी तीन मुलांना त्यांच्या आया स्वतःहून घेऊन आल्या. दोघांच्या रक्तात शिसं वाढलेलं होतं.

जपानमधल्या मिनामाता इथे १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांच्या रुग्णालयाने मेंदूच्या अनोळखी आजाराची खबर आरोग्य कार्यालयाला दिली. कारखान्यातून समुद्रात सोडलेला पारा हे कारण सरकारने मान्य करायला १९६८ उजाडलं, ही गोष्ट वेगळी. पण खबर घेणारं टेबल तरी होतं. इथे तेच सापडेना.

मागणी लहान आहे. केस पेपरवर नाव-वयाखाली तीन ओळी छापा: काम काय करता, घरातले बाकीचे काय करतात, आणखी कुणाला असाच त्रास आहे का. रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने यातला पहिला प्रश्न १७०० सालीच डॉक्टरांना विचारायला सांगितला होता. तिसरा प्रश्नही तितकाच कामाचा. बंद खोलीत शेगडी जळते, घरातल्या सगळ्यांचं एकदमच डोकं दुखतं, बाहेर पडलं की बरं वाटतं, आणि बोटाला लावलेला ऑक्सिमीटर मात्र ९८ दाखवतो. शेगडीतून निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक त्या यंत्राला कळत नाही. विचारल्याशिवाय आपल्यालाही कळत नाही. आणि उत्तर मिळाल्यावर डॉक्टरला फिरवता येईल असा एकच नंबर द्या, जिथे ‘हे आमच्याकडे नाही’ असं म्हणायची सोय नसेल.

मुलगा आता शाळेत जातो. आकडा उतरलाय, पण हाडांत बसलेलं शिसं वर्षानुवर्षं हळूहळू रक्तात येत राहतं, म्हणून त्याला अधूनमधून बोलावतो. त्याच्या जुन्या केस पेपरवर वडिलांचं काम मी नंतर लिहिलं. शाई वेगळी आहे, दिसते.

— एक फॅमिली डॉक्टर