‘पित्ता’आडचे जठर

सातारा, दि. १२ जुलै

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना जठराचे विकार आणि अर्बुदे, म्हणजे गाठी, शिकवायला तुला तीनच तास मिळणार आहेत, तेव्हा काय घ्यावे आणि काय सोडावे, असे तू विचारले आहेस. पाठ्यपुस्तकातली यादी तुझ्यापाशी आहेच, म्हणून तीस वर्षे स्लाइड पाहून मला जे मोलाचे वाटत आले, तेवढेच लिहितो.

सुरुवात ‘पित्त’ या शब्दापासून कर. छातीत जळजळ होवो, पोट फुगो, उपाशीपोटी दुखो किंवा जेवल्यावर मळमळो, आपला रुग्ण एकच सांगतो : “डॉक्टर, पित्त झालंय.” त्याला म्हणायचे असते जठरातले आम्ल, पित्त तयार होते यकृतात. पण या एका शब्दाखाली साधे अपचन, जठरव्रण आणि कर्करोग हे तिन्ही येऊन बसतात, आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळीने काही दिवस कर्करोगाच्या व्रणाचे दुखणेही थांबू शकते. गोळीने आराम पडला म्हणजे निदान झाले, असे मुलांनी कधीही समजू नये. चाळिशी उलटलेल्या माणसाचे वजन उतरत असेल, रक्त कमी होत असेल, घास अडकत असेल किंवा शौचाला डांबरासारखे काळे होत असेल, तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नये.

जठरशोथात, म्हणजे जठराच्या दाहात, हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूला भरपूर वेळ दे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना बायोप्सीत श्लेष्म्याच्या थराखाली हे वाकडे जंतू वारंवार दिसत होते, पण ते प्रयोगशाळेत वाढवण्याच्या बॅरी मार्शल यांच्या प्रयत्नांना यश येत नव्हते, कारण वाढ दिसली नाही की प्लेट दोन दिवसांत टाकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जंतू वाढलेले आढळले. पुढे मार्शल यांनी ते जंतू स्वतः प्राशन करून जठरशोथ ओढवून घेतला. दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गोष्ट सांगून झाली की यंत्रणा सांग : युरिएज या विकराने (एन्झाइमने) हा जंतू युरियापासून अमोनिया तयार करतो आणि त्या अमोनियाच्या आवरणात आम्लापासून बचावतो. बायोप्सीचा तुकडा टाकताच पिवळे जेल गुलाबी होते, ती चाचणीही याच विकरावर चालते. म्हणूनच आम्ल रोखणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आधी बंद केल्या नाहीत, तर जंतू असूनही चाचणी नकारार्थी येऊ शकते. आपल्याकडे या गोळ्या चिठ्ठीशिवाय खाल्ल्या जातात, त्यामुळे हे विचारून घेण्याची सवय मुलांना आत्ताच लाव.

या जंतूची लागण झालेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्यात दीर्घ जठरशोथ, ग्रंथींचा ऱ्हास, जठराच्या अस्तराचे आतड्यासारखे होणे, पेशींची विकृती आणि शेवटी कर्करोग अशा पायऱ्या पडतात आणि त्याला दशके लागतात. पण हे झाले विकृतिशास्त्रज्ञ लॉरेन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणातील आंत्रसदृश प्रकाराचे. दुसरा, सुट्या पेशींनी भिंतीत पसरणारा विखुरलेला प्रकार अनेकदा या पायऱ्या चढून येत नाही, आणि माझा जीव गुंततो तो तिथेच.

त्याचे कारण तुला प्रथमच सांगतो. फार वर्षांपूर्वी एका चव्वेचाळीस वर्षांच्या बाईंची बायोप्सी माझ्याकडे आली होती. चार घासांत पोट भरते, वजन नऊ किलो उतरले आहे आणि सहा महिने पित्ताचे औषध चालू आहे, असे कागदावर लिहिलेले होते. मी ‘दीर्घ जठरशोथ’ असे लिहून सही केली. हवा भरल्यावर जठर नीट फुगले का, हे दुर्बीण करणाऱ्या डॉक्टरांना विचारायचे मला सुचले नाही. काही महिन्यांनी त्यांचे काढलेले जठर माझ्या टेबलावर आले, तेव्हा ते चामड्याच्या पखालीसारखे ताठ होते. कापले तेव्हा भिंत एक सेंटिमीटरहून जाड, पांढरी आणि चिवट निघाली, आणि आतले अस्तर वरवर पाहता जवळजवळ शाबूत होते. मी बायोप्सीचा जुना मेणाचा ब्लॉक काढून श्लेष्मा किरमिजी दाखवणारे पीएएस रंजन करून घेतले. कोपऱ्यात, दाहपेशींच्या गर्दीत, किरमिजी श्लेष्म्याने फुगलेल्या आणि केंद्रक कडेला ढकलले गेलेल्या अंगठीसारख्या तीन कर्कपेशी होत्या. त्या पहिल्या दिवशीही तिथेच होत्या.

म्हणून मुलांना खळग्याच्या व्रणाइतकेच हे सपाट, मुके जठरही दाखव. साध्या व्रणाच्या कडा पंचाने पाडल्यासारख्या असतात आणि घड्या थेट काठापर्यंत येतात, तर कर्करोगाच्या व्रणाच्या कडा बहुधा उंचावलेल्या आणि बाहेर वळलेल्या असतात, हे त्यांना जमेल. जठराचा कर्करोग पसरल्यावर डाव्या गळपट्टीच्या हाडामागे येणारी गाठ चाचपायला आणि अंडाशयात पसरलेला रोग ओळखायलाही त्यांना शिकव. जीआयएसटी या जठराच्या भिंतीतील गाठीसाठी किट प्रथिन आणि त्याला रोखणारे इमॅटिनिब हे औषध एवढे पुरे. माल्ट लिम्फोमा या लसीकापेशींच्या कर्करोगाबद्दल मात्र थांबून सांग, कारण केवळ हेलिकोबॅक्टरवरच्या प्रतिजैविकांनी ही गाठ अनेक रुग्णांत विरघळते, आणि हे ऐकताना मुलांचे चेहरे उजळतात. तान्ह्या मुलांतील जठरद्वाराचे अरुंदीकरण शल्यविभागावर सोड.

त्या बाईंच्या दोन्ही स्लाइड, साध्या रंजनाची आणि पीएएसची, मी जपून ठेवल्या आहेत. उद्या कापसात गुंडाळून पाठवतो. वर्गात पहिली स्लाइड आधी लाव, सोबत फक्त चार घास, नऊ किलो आणि सहा महिने एवढेच सांग, आणि मुलांना हवा तितका वेळ पाहू दे.

वहिनींना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुझा,
माधव