डायरीची किल्ली कुणाकडे ठेवायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत मोबाईलवर डायरी लिहिण्याबद्दलचा लेख वाचला, छान होता, पण शेवटी जो सल्ला दिलाय ना की पासवर्ड स्ट्राँग ठेवा, कुणाला सांगू नका आणि कुठेही लिहून ठेवू नका, तो वाचून राहवलं नाही. मी अगदी हेच केलं होतं आणि माझं सहा वर्षांचं लिखाण गेलं. म्हणून हे पत्र, जरा लांबेल.

आधी हे सांगते की डायरीला कुलूप हवंच, त्याबद्दल माझं दुमत नाही. १९८९ ला लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा शंभर पानी वहीत रोज रात्री चार ओळी लिहायचे, कपाटात साड्यांच्या खाली ठेवायचे, आणि एका दुपारी ती वही घरातल्या एका व्यक्तीने काढून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. त्यात कुणाबद्दल वाईट असं फार काही नव्हतं, माहेरची आठवण, थकवा, एक-दोन ठिकाणी राग. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती वही फाडून बंबात घातली आणि मग चौदा वर्षं एक अक्षर लिहिलं नाही. ज्या बाईवर ही वेळ आलीये तिला प्रायव्हसी म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

२००३ मध्ये घरी कॉम्प्युटर आला तेव्हा परत लिहायला लागले, मराठी फॉन्ट टाकून घेतला होता, फाइलला पासवर्डही नव्हता कारण घरात तो कॉम्प्युटर फक्त मलाच चालवता यायचा. त्या फायली आजही आहेत, उघडतात पण, फक्त अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कसलीतरी चिन्हं दिसतात, कारण तो फॉन्ट युनिकोडच्या (म्हणजे सगळ्या मशीनवर सारखी दिसणारी आताची अक्षरपद्धत) आधीचा आणि आता तो कुठल्याच मशीनवर नाही. मुलीने कन्व्हर्टर शोधून निम्मंअर्धं सोडवून दिलं, जोडाक्षरं अजून तुटलेलीच आहेत. ज्यांनी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काही लिहून ठेवलंय त्यांनी ते आत्ताच युनिकोडमध्ये करून घ्या, उद्यावर टाकू नका, ही वेगळी विनंती.

मग २०१५ पासून फोनवरचं एक ॲप. त्यात लिहिलं होतं की तुमचं लिखाण एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे किल्लीशिवाय न उलगडणाऱ्या गुप्त रूपात, आम्हीसुद्धा वाचू शकत नाही, आणि मला नेमकं तेच पाहिजे होतं. सुरुवातीला एक लांबलचक किल्ली दाखवून ‘ही जपून ठेवा’ असं आलं होतं, मी ओके दाबून पुढे गेले, कारण कुठेही लिहू नका हेच डोक्यात पक्कं. २०२१ मध्ये फोनचा बोर्ड गेला, नवीन फोन घेतला, लॉगिन झालं, पासवर्डही बरोबर होता, आणि मग ॲपने ती किल्ली मागितली. कंपनीला तीन मेल केले, त्यांनी नीट उत्तर दिलं की किल्ली आमच्याकडे नसतेच. त्यांची चूक मी म्हणणार नाही, त्यांनी तर आधीच सांगितलं होतं. पण त्या सहा वर्षांत माझ्या आईचे शेवटचे आठ महिने होते, ती काय काय बोलली, कुठल्या ओव्या म्हणायची, कुणाची नावं घ्यायची, ते सगळं मी रोज रात्री तिच्या उशाशी बसून टाइप केलं होतं.

हा फरक लोकांना माहीत नसतो म्हणून सांगते. आपल्या साध्या मेलचा पासवर्ड विसरला तर ओटीपी येतो, नवीन पासवर्ड मिळतो, कारण आतल्या मजकुराची किल्ली कंपनीकडे असते. म्हणजे कंपनीला मनात आणलं तर ती वाचूही शकते. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये किल्ली फक्त आपल्याकडे, म्हणून कुणी वाचू शकत नाही आणि कुणी परतही देऊ शकत नाही. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला २०२१ पासून असं कुलूप लावायची सोय आहे, ६४ आकडी किल्ली किंवा आपला पासवर्ड, तो हरवला की बॅकअप गेला. आणि हो, नुसतं ॲप-लॉक लावणं म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, ते दाराला कडी लावण्यासारखं आहे, झोपलेल्या माणसाचं बोट फोनला लावूनही ती कडी निघते.

आता मुद्द्याचं. मी एकतीस वर्षं बँकेत काढली, शेवटची बरीच वर्षं लॉकरच्या टेबलावर, आणि हा प्रश्न बँकांनी फार पूर्वीच सोडवलाय असं मला आता वाटतं. स्ट्राँगरूम एका माणसाच्या किल्लीने उघडत नाही, दोघांच्या दोन किल्ल्या लागतात, त्याला आम्ही जॉइंट कस्टडी म्हणायचो. डुप्लिकेट किल्ल्या सीलबंद पाकिटात घालून, पाकिटावर सह्या करून दुसऱ्या शाखेत ठेवायच्या. त्या शाखेचा मॅनेजर पाकीट सांभाळतो, पण त्याला आमच्या तिजोरीत शिरता येत नाही, आणि पाकीट फोडलं तर सील बघून कळतंच. नॉमिनीचं पण तसंच, लोकांना वाटतं नॉमिनी म्हणजे मालक, पण तो वारसांच्या वतीने ताबा घेणारा असतो. थोडक्यात किल्ली सांभाळणारा माणूस वेगळा आणि आतलं घेणारा वेगळा. डायरीच्या बाबतीत आपण ही दोन माणसं एकच धरतो आणि मग घाबरून कुणालाच काही सांगत नाही.

आणि लपवायचं नक्की कुणापासून हे पण बघायला पाहिजे ना. माझी डायरी चोरायला कुणी परदेशातला हॅकर येणार नाहीये, मला भीती आहे ती घरातल्या, एकाच छताखाली राहणाऱ्या डोळ्यांची. मग किल्ली कागदावर लिहून घराबाहेर ठेवली तर बिघडलं काय? उलट घरात ठेवण्यापेक्षा बरं. (ज्यांना सरकारची किंवा ऑफिसची भीती आहे, पत्रकार वगैरे, त्यांचं गणित वेगळं, मी त्यांच्याबद्दल बोलत नाहीये.)

तर मी आता असं केलंय. दोन वह्या. रोजची वही गूगलवर साध्या डॉक्युमेंटमध्ये, ती कधीतरी मुलीने वाचली तरी हरकत नाही, आणि गूगलचं इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर नावाचं सेटिंग आहे, २०१३ पासून आहे पण मला गेल्या वर्षी कळलं, त्यात आपण ३ ते १८ महिन्यांची मुदत ठरवायची, तेवढे दिवस खातं वापरलं गेलं नाही तर आपण नेमलेल्या माणसांना, दहापर्यंत नेमता येतात, ठरवून दिलेला डेटा उतरवून घेता येतो. तसंही दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढूनही टाकू शकतं. आयफोनवाल्यांना आपल्यामागे डेटा बघायला माणूस नेमायची लेगसी काँटॅक्ट नावाची सोय आहे. ओटीपीवर मात्र विसंबू नका, माणूस गेल्यावर रिचार्ज कोण करतो, नंबर बंद होतो आणि काही दिवसांनी दुसऱ्याच कुणाला मिळतो.

आतली वही वेगळी, एन्क्रिप्टेड फाइलमध्ये. तिचा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घातला, फ्लॅपवर सही, सहीवर सेलोटेप, आणि ते पाकीट कोल्हापूरला मैत्रिणीच्या कपाटात. फाइल कुठे आहे हे तिला माहीत नाही. फाइल कुठे आहे हे मुलीला माहीत आहे, पासवर्ड नाही. दोघी एकत्र आल्या तरच उघडेल. वर्षातून एकदा मी जाऊन पाकीट बघते आणि घरी फाइल खरंच उघडते का तेही बघते, बँकेतही डुप्लिकेट किल्ल्या अधूनमधून काढून चालवून बघायचोच.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही आपण गेल्यावर किंवा असमर्थ झाल्यावर आपले हक्क वापरायला माणूस नेमायची तरतूद आहे, कलम १४. चांगली गोष्ट आहे, पण किल्लीच नसेल तर तो नेमलेला माणूस तरी काय उघडणार. बँकेतल्या ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, फॉर्म भरताना कर्मचारी आवर्जून विचारतो. डायरीच्या ॲपने पण पहिल्या दिवशी तसंच थांबवून, साध्या मराठीत विचारायला पाहिजे की किल्ली कुठे ठेवली, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये. तुमच्या पुरवणीत पुढच्या वेळी हा विषय आला तर ‘कुठेही लिहून ठेवू नका’ च्या जागी किल्ली कशी ठेवायची याची एक चौकट छापा ही मनापासून विनंती.

पाकिटात पासवर्डसोबत एक चिठ्ठी पण आहे, आतली वही न वाचता पुसून टाका म्हणून. हे मी मुलीला समोर बसवून सांगितलं, मागून गैरसमज नको. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली चालेल आई, पण आजीचं जे काही असेल ते मला पाहिजे. म्हणून गेले दोन महिने आईबद्दल जेवढं आठवतंय तेवढं परत लिहितेय, आणि ते सगळं रोजच्या वहीत लिहितेय.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली