ऊसतोडीच्या दिवसांत गावी येताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला व्हिडिओ आपल्याकडचा नाही. त्यात बिबट्या शाळेच्या भिंतीवरून उडी टाकतो आणि त्याची सावलीच पडत नाही. असले व्हिडिओ हल्ली संगणकावर बनवतात. पोलीस पाटलाच्या फोनवर ते रोज येऊन पडतात आणि त्यांच्यापायी खरी खबर मागं राहते.

खरी खबर ही की कालव्याच्या खालच्या अंगाला ऊसतोड सुरू झालीय. फड तुटत जातो तसा बिबट्याचा आसरा आक्रसतो, मग तो उरलेल्या उसात, नाहीतर वस्तीलगतच्या मक्यात आणि चाऱ्याच्या घासात सरकतो. तुम्ही सुट्टीला येताय ते नेमके हेच दिवस. सूनबाईला आणि छोटीला आणू नकोस असं मी म्हणत नाही. फक्त दिवस मावळल्यावर छोटी एकटी अंगणात नको, आणि ऊस घराच्या पंधरा-वीस पावलांवर असेल तर भर दिवसाही नको.

बिबट्या उंची बघतो. उभा माणूस त्याच्या लेखी सावज नसतो. वाकलेला, उकिडवा बसलेला माणूस किंवा लहान मूल मात्र त्याला शेळी-कुत्र्याच्या मापाचं दिसतं. हल्ले होतात ते बहुधा बांधावर गवत कापताना, उघड्यावर शौचाला बसल्यावर, रात्री पिकाला पाणी देत दारं धरताना. आपल्या गटाला पंपाची थ्री फेज लाइट रात्रपाळीची असली तर तू हौसेनं एकटा भरणं करायला जाऊ नकोस. दोघं जा, डोक्याला बॅटरी बांधा, मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावा. पाण्याचं बारं फोडताना एकानं वाकायचं, दुसऱ्यानं उभं राहून उसाकडं तोंड ठेवायचं. काठी ठोकत चालणं तर जुनंच आहे. त्याला चाहूल लागली की बहुतेक वेळा तो स्वतःच वाट सोडतो. समोरासमोर आलाच तर पळू नकोस, पाठ फिरवू नकोस. हात वर करून ओरडायचं आणि तोंड त्याच्याकडं ठेवून मागं मागं सरकायचं. छोटी बरोबर असली तर आधी तिला उचलायची.

गोठ्याचं काम तू आल्यावर उरकू. आपल्या शेळ्यांना भिंत आहे, दार आहे, पण पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये हातभर फट आहे. बिबट्या दारातून कमी, वरून जास्त येतो. आणि एकदा आत पडला, बाहेरची वाट सापडेना, की एक शेळी खाऊन थांबत नाही, सगळ्या मारतो. ती फट चेनलिंक जाळीनं वरपर्यंत बंद करायची. जाळी पत्र्याखालच्या अँगलला तारेनं नुसती बांधायची नाही, पट्टी लावून बोल्टनं आवळायची, नाहीतर पंजानं उचकटते. दाराखालची फट फरशीनं बुजवायची. कुंपणात मात्र कुणी कितीही सांगितलं तरी लाइटचा करंट सोडायचा नाही. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसंच मरतात. कुत्रं बाहेर साखळीला बांधणं म्हणजे आमिष लावणं, त्याला रात्री आत घ्यायचं. आणि पोल्ट्रीवाल्यांनी मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकणं थांबवलं नाही तर बाकीचं सगळं फुकट आहे. कोंबड्यांमागं कुत्री येतात, कुत्र्यांमागं हा येतो. खोल खड्डा घेऊन चुना टाकून पुरा, असं मी त्यांना ग्रामसभेत सांगितलंय.

शेळी गेलीच तर ती हलवायची नाही. ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवायचं, वनरक्षकाचा पंचनामा होईपर्यंत जागेवर ठेवायची. लोक वास येतो म्हणून पुरून टाकतात आणि मग भरपाई अडते. वनखात्याची हेल्पलाइन १९२६. माणसाला ओरखडा जरी आला तरी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही भरायचं नाही, आणि १०८ ला फोन. रेबीजची लस त्याच दिवशी सुरू व्हायला हवी, खोल जखमेत सीरमही लागतं.

पिंजरा लावा, लांब नेऊन सोडा, ही मागणी प्रत्येक ग्रामसभेत होते. माणसांवर हल्ले करणारा पकडायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण नुसता दिसला म्हणून उचलला की मोकळी जागा दुसरा धरतो. आणि सोडलेला तिथंच राहतो असंही नाही. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेल्या नराला माग काढणारी कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं होतं, तो चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला.

आपल्या फडाला ऊसतोडीची टोळी लागेल तेव्हा मुकादमाला सांगायचं की तोड एका बाजूनं घ्या, चहूकडून घेरू नका, त्याला निघायला वाट राहू दे. पिल्लं सापडली तर हात लावायचा नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही. तेवढा तुकडा सोडून काम थांबवायचं. वनखात्याची माणसं पिल्लं त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि बहुतेक वेळा मादी रात्रीतून घेऊन जाते. पिल्लं हलवली तर चवताळलेली मादी तोडणीवाल्यांच्या कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या, भोवती फिरते, आणि कोप्यांना दार नसतं.

तुझा नंबर ग्रामसुरक्षा यंत्रणेत जोडायला टाकलाय. काही दिसलं तर १८०० २७० ३६०० ला लावायचं आणि आपलं नाव, गाव, जागा, वेळ, कुठल्या दिशेला गेला, एवढं बोलायचं. तोच आवाज सगळ्या गावाच्या फोनवर जातो. नुसतं ‘बिबट्या आलाय’ म्हटलं तर पोरं बॅटऱ्या घेऊन उसाकडं धावतात, ते जास्त धोक्याचं. आणि ठसा बघून मगच बोल. नखं उमटलेली असली तर ते कुत्रं किंवा तरस, बिबट्याची नखं आत असतात.

चाकणहून सुट्टी होईल त्या दिवशी उशीर झाला तर नारायणगावातून रात्री मोटारसायकलवर यायचं नाही. पुढं रस्त्याला दोन्हीकडून ऊस आहे आणि मागं बसलेल्याचे पाय खाली लोंबतात. फोन कर, मी जीप घेऊन येतो. येताना दोन चार्जिंगच्या हेडलाइट आण, इथल्या तासाभरात मंद होतात.

तुझे
आण्णा