कन्हानचा गाळ कोण तपासणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कन्हान नदीच्या प्रदूषणाच्या बातम्या पाण्याचा रंग, वास आणि फेस यांवरच थांबतात. माझी मागणी अशी की, पाण्यासोबत नदीचा गाळ आणि मासेही तपासले जावेत.

आपल्या नागपूर जिल्ह्यात सावनेर, उमरेड, कामठी पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत आणि रामटेककडे मनसर, कांद्रीला मँगनीजच्या. खाणीतून काढलेल्या माती-दगडांचे डोंगर उघड्यावर असतात. पावसाळ्यात ते धुपून नाल्यांत उतरतात. कोळसा जळाल्यावर त्यातले बहुतेक धातू राखेत राहतात. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राची राख साठवणारा खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राखेचे पाणी कोलार, कन्हान नद्यांपर्यंत पोहोचले. तेव्हा नागपूर शहराच्या नळांची काळजी सर्वांनी केली, ती रास्तच होती. पण पाणी निवळले म्हणून राख नाहीशी झाली असे होत नाही.

सांडपाण्यातली घाण कालांतराने कुजून जाते. शिसे, कॅडमियम, पारा कुजत नाहीत. ते बारीक गाळाला चिकटून तळाशी बसतात, म्हणून वरच्या पाण्याचा नमुना मर्यादेत येऊ शकतो आणि तळ मात्र दूषितच राहतो. त्याच गाळात किडे, शिंपले, झिंगे जगतात; त्यांच्यावर वाम आणि लहान मासे, आणि लहान माशांवर मरळ. गाळातले जिवाणू पाऱ्याचे मिथाइल पारा हे अधिक घातक रूप करतात आणि ते दर पायरीला वाढत जाते. तांबे कल्ल्यांना इजा करते, कॅडमियम माशाला कॅल्शियम मिळू देत नाही. पहिला फटका बहुधा अंड्यांना आणि पिलांना बसतो. मेलेले मासे तरंगले की बातमी होते. पिले जगलीच नाहीत, तर ते फक्त जाळे टाकणाऱ्या ढिवर बांधवांना कळते.

पुढे नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते. सांडपाण्याने पाण्यातला प्राणवायू संपला की गाळात बांधलेले मँगनीज आणि लोह विरघळून पुन्हा पाण्यात येतात, सोबत त्यांना चिकटलेले इतर धातूही. हेच पाणी वैनगंगेतून गोसीखुर्दच्या जलाशयात साठते, आणि तिथेही मासेमारी चालते. खाण आणि सांडपाणी यांचा विचार वेगवेगळ्या कार्यालयांत होतो, नदीत मात्र दोन्ही एकत्र येतात.

१९५८ पासून ‘नीरी’ ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था नागपुरातच आहे, भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालयही इथेच. एवढे तज्ज्ञ हाताशी असताना खसाळ्याच्या खाली, कामठीला, नाग-कन्हान संगमाजवळ आणि गोसीखुर्दला पावसाळ्याआधी व नंतर गाळ आणि मासे तपासणे अवघड नाही. कोणता मासा किती खावा, लहान मुलांना आणि गरोदर बायांना कोणता देऊ नये, हे निष्कर्षांसह मराठीत काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावे. तपासणीत काही सापडले नाही, तर तेही तितक्याच स्पष्टपणे जाहीर करावे, म्हणजे मासळी विकणाऱ्यांवर विनाकारण संशय राहणार नाही.

आपला,
एक वाचक, कामठी