ठमीबद्दल, आणि मोत्याबद्दलही

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर कुत्रं पाळायचा विषय निघाला की आई गप्प होते आणि बाबा "बघू" म्हणून सोयाबीनच्या भावावर जातात. म्हणून पत्रच लिहायला घेतलं. सावकाश वाचा. आईला चष्मा लावायचा कंटाळा आला तर बाबांनी मोठ्यानं वाचून दाखवा, पण एकही ओळ गाळू नका.

चिमीनं त्या दिवशी एका दमात सांगून टाकलं, "आजोबा, आपल्याकडं ठमी येणार!" तसं अजून ठरलेलं नाही. दिवाळी झाली की होळीपर्यंत तुम्ही इथं असता. वर्षातले चार महिने हे तुमचंही घर असतं, मग तुम्हाला न विचारता मी कसं ठरवू?

बाबा, त्यावर तुम्ही म्हणालात, "आमची दावण रिकामी झाली, अन् तू विलायती कुत्रं कामून आणायलीस?" सर्ज्या-राजा गेल्यानंतरचा हा पहिलाच पोळा होता. तुमचा आवाज कसा झाला होता ते मला ऐकू आलं. म्हणून त्या वेळी काही बोलले नाही, आता सांगते.

ठमी कॉर्गी जातीची आहे. ठमी हे नाव तिला सांभाळणाऱ्या ताईंनी ठेवलं, आधीचं काय होतं कुणाला माहीत नाही. जालना रोडला एका ढाब्याच्या मागं ती सापडली. गळ्याभोवतीचे केस झडून कातडं उघडं पडलेलं, अंगभर गोचीड आणि आचळं लोंबलेली. डॉक्टरांनी दात बघून वय पाचेक वर्षांचं सांगितलं. त्यांचा अंदाज असा की तिला पिल्लांसाठीच ठेवलं होतं. वेत होणं थांबलं तसं कुणीतरी गाडीतून आणून सोडलं असणार. या जातीचं पिल्लू खूप महाग विकलं जातं. आईला मात्र रस्त्यावर टाकून जाता येतं, हे मला अजून गिळवत नाही. गोचिडाचा ताप अंगात भिनला होता, त्याचं औषध पूर्ण झालं. नसबंदीही झाली. आता तिचे केस उगवून आलेत, तांबूस पिवळे, ज्वारीच्या पिकल्या कणसासारखे.

विलायती आहे हे खरं, बाबा, पण शोभेची नाही. वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तिथल्या शेतकऱ्यांचं हे गुरं वळणारं कुत्रं. तिकडच्या भाषेत कॉर्गी म्हणजे बुटकं कुत्रं. पाय जेमतेम वितीएवढे, आणि ते बुटकेपण कामाचंच. गुराच्या मागच्या खुराजवळ जाऊन हलकेच दात लावायचा आणि गुरानं लाथ झाडली की खाली दबायचं, लाथ डोक्यावरून जाते. तुम्ही हातात चाबूक घेऊनही कधी बैलाला मारलं नाहीत, नुसता पाठीवर टेकवायचात, तसंच काहीसं. यात पेम्ब्रोक आणि कार्डिगन अशा दोन जाती आहेत, १९३४ पासून त्या वेगळ्या मानतात. ठमी पेम्ब्रोक. इंग्लंडची राणी एलिझाबेथ, ती राजकन्या असताना तिला अठराव्या वाढदिवसाला, १९४४ साली, हिच्यातलीच एक मिळाली होती. त्यामुळं लोक हिला राजवाड्यातली समजतात, पण मूळ गोठ्यातलंच.

तुम्ही म्हणाल, आपल्या लातूरकडचा कारवानी काय वाईट आहे? वाईट नाहीच. पण आम्ही जात बघून कुत्रं शोधायला निघालोच नव्हतो. ह्यांच्या ऑफिसातल्या एकानं फोटो दाखवला, आम्ही बघायला गेलो आणि तिथं ही होती.

आता आईला सांगायचं राहिलंय ते. लपवणार नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बाळू अंगणात धावायला लागला. ठमी मागून गेली आणि त्याच्या टाचेला दात लावले. खरचटलं नाही, पायमोज्याचा धागा तेवढा निघाला. बाळू घाबरून रडला, माझेही हातपाय गार पडले. ताई मात्र शांत होत्या. त्यांनी सांगितलं की हा राग नाही, ही वळण्याची सवय आहे. पळणारं लेकरू तिला कळपातून सुटलेलं वासरू वाटतं. मग त्यांनी दोघांना शिकवलं : ती मागं आली की जागच्या जागी झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी, ओरडायचं नाही. झाड पळत नाही, मग वळायचं कुणाला? चौथ्या वेळी बाळू "मी लिंब, मी लिंब" म्हणत उभा राहिला आणि ठमी त्याच्या पायाशी बसली. तरीही लेकरं आणि ती एकटी एका खोलीत कधीच असणार नाहीत, मोठं माणूस असेल तरच. ती जेवत असताना जवळ जायचं नाही, झोपेतून उठवायचं नाही. उचलायचं तर अजिबात नाही, कारण पाठ लांब, पाय आखूड, मणक्यातली गादी सरकायला वेळ लागत नाही. चिमीनं हे सगळं वहीत लिहून भिंतीला चिकटवलंय. शेवटचा नियम तिचा स्वतःचा आहे : ठमीला तिचं जुनं घर विचारायचं नाही.

आई, तुझी भीती मला ठाऊक आहे. मी सात वर्षांची होते, आज चिमी आहे तेवढी. १९९१ चा उन्हाळा. ओढ्याकडून धुणं घेऊन येताना त्या पिसाळलेल्या कुत्र्यानं तुझी पोटरी धरली. मग चौदा दिवस रोज एसटीनं हिंगोलीला जायचं, पोटात इंजेक्शन घ्यायचं आणि संध्याकाळी पोट धरून चुलीपुढं बसायचं. भाकरी थापताना तू मध्येच थांबायचीस ते मला दिसायचं. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस २००४ च्या अखेरीस आपल्या देशात बनवणंच बंद झालं. आता इंजेक्शन दंडात देतात आणि तीही मोजकी. हे तुला धीर द्यायला सांगत नाही. चौदा सुया सोसलेल्या माणसाला आता पाचच लागतात हे सांगून काय होणार? पण पुढचं ऐक.

त्याच आठवड्यात मोत्या गेला. ते कुत्रं आपल्या अंगणात शिरून गेलं होतं. ते मोत्यालाही चावलं असेल असं गल्लीतले म्हणू लागले. मारून टाका, म्हणाले. बाबा, तुमच्यानं ते झालं नाही. तुम्ही त्याला सायकलच्या कॅरिअरला बांधून कयाधू नदीच्या पलीकडं सोडून आलात. तिसऱ्या दिवशी पहाटे तो दारात होता, ओला, शेपूट हलवत. मी उठून बघितलं आणि मला इतका आनंद झाला! त्याच दिवशी तुम्ही त्याला कुणाच्या तरी जीपमध्ये घालून दूर धाडलंत. मग तो आला नाही. तो पिसाळला होता की नव्हता, हे आपल्याला शेवटपर्यंत कळलंच नाही.

मी तुम्हाला दोष देत नाही. घरात तीन लेकरं, बायको सुया घेतेय, आणि गावात तेव्हा कुत्र्याला लस टोचतात हेच कुणाला माहीत नव्हतं. मोत्याला लस दिलेली असती तर त्याला घालवायची वेळच आली नसती. मी ठमीचं लसीचं कार्ड हातात घेतलं तेव्हा मला हेच आठवलं. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची पहिली लस, मग दरवर्षी. तारीख, सही, शिक्का. एवढासा कागद, बाबा. आणि तरीही कुणालाही, कुठल्याही कुत्र्याचा दात लागला तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा, हे लेकरांना पाठ करून घेतलंय.

तेव्हापासून आपल्या घरी कुत्रं नाही. पण रोज शेवटची भाकरी तुम्ही लिंबाखाली ठेवताच. कुणाचंही कुत्रं येऊन खातं. मी माहेरी आले की बघते. नर्सीला दर्शनाला नेलंत की नामदेवांची गोष्ट सांगायचात, कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले, कोरडी खाऊ नकोस देवा म्हणत. सांगताना दरवेळी तुमचा गळा दाटायचा. लहानपणी मला वाटायचं नामदेवांमुळं.

असो. ठमी दारातच बसते. त्या ताईंच्या घरी सगळी कुत्री आत पंख्याखाली, ही फाटकाशी. प्रत्येक गाडी आली की कान ताठ. चारचाकीचं दार लावल्याचा आवाज झाला की उठून उभी राहते. ज्यांनी तिला टाकलं त्यांचीच वाट बघत असेल. ताई म्हणतात, बरेच लोक हौसेनं नेतात आणि महिन्याभरात परत आणून देतात, केस गळतात म्हणून, सासूबाईंना चालत नाही म्हणून. त्यांनी आमच्याकडं दोनदा येऊन घर बघितलं, दिवसभर कोण असतं विचारलं, गावी जाताना काय करणार विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, "घरातल्या एकाचाही नकार असेल तर नका नेऊ." म्हणून हे सगळं. ठमीला दुसऱ्यांदा कुणी टाकलेलं मला बघवणार नाही. ही जात बारा-तेरा वर्षं जगते, म्हणजे चिमी दहावीला जाईपर्यंत ती आपल्यात असेल.

त्रास कुठला, तोही सांगते. केस बारमाही गळतात, अंगावर दोन थर असतात. उन्हाळ्यात ते कापायचे नसतात, उलट अंगाला ऊन लागतं. इथला मे महिना तुम्हाला माहीत आहे, म्हणून फिरवणं पहाटे पाचला आणि रात्री आठनंतर, तेही रस्त्याला हाताची मागची बाजू लावून बघून. कूलर हॉलमध्ये हलवू. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, पण तिला अंघोळ महिन्याकाठी एकच लागते, रोज कंगवा फिरवला की पुरतं. ते सगळं मी आणि हे करणार, आईवर काहीही पडणार नाही.

आईचा गुडघा हा माझा खरा घोर. ठमी बारा किलोची आणि गुडघ्याच्याही खाली, चालताना पायात येऊ शकते. तुमच्या खोलीच्या दाराला अर्धं फाटक बसवून घेऊ, ती आत येणारच नाही. गळपट्ट्याला घुंगरू बांधू, म्हणजे जवळ आली की ऐकू येईल. सर्ज्याच्या माळेतलं एखादं शिल्लक असलं तर बाबांनी आणावं, नसलं तर इथं मिळतं.

आणि बाबा, ती आलीच तर तुमच्या ताटातलं तिला द्यायचं नाही. कांदा, लसूण, मनुके, चॉकलेट हे कुत्र्याला विष आहे. आपल्या कुठल्या भाजीत कांदा नसतो? चहात बुडवलेलं बिस्कीटही नको, जाडी झाली की सगळा भार त्या पाठीवर येतो. कोरडी भाकरी, चतकोर, दिवसातून एकदा, एवढी परवानगी मी डॉक्टरांना खास विचारून घेतलीय. ती मात्र तुमच्याच हातची.

ताईंना मी पुढच्या रविवारपर्यंत थांबायला सांगितलंय. आईचं मन होत नसेल तर तिनं स्पष्ट सांगावं. मी लेकरांना समजावेन, ठमीला दुसरं चांगलं घर बघायला ताईंना मदत करेन आणि या गोष्टीचा पुन्हा शब्द काढणार नाही. दिवाळीनंतर तुम्ही या, नेहमीसारखं. आईनं नुसतं माझ्या आनंदासाठी "आण गं" म्हणायचं नाही, तिला तशी सवय आहे.

शनिवारी रात्री फोन करा. आईनं करायचा. बाबा, तुम्ही तिच्या वतीनं हो म्हणू नका, आणि नाहीही म्हणू नका.

चिमीनं काढलेलं चित्र सोबत ठेवलंय. पाय आखूड काढलेत ते चुकून नाही.

तुमची,
थोरली